आश्रयाचा अर्ज फेटाळला, शिक्षाही संपत आली: परत पाठवणी थांबवायला सांगलीतून नेमकं काय करायचं?

कृष्णाघाट, सांगली

परदेशी नागरिकांची कामं चालवलेल्या वकिलांना आणि इतर जाणकारांना हा प्रश्न आहे. परिस्थिती अशी धरा. अफगाणिस्तानातला तरुण, शिक्षणाच्या व्हिसावर आलेला. व्हिसा संपला, मुदतवाढ मिळाली नाही, तरी तो थांबला. गुन्हा दाखल झाला, शिक्षा झाली, ती आता संपत आली. मधल्या काळात दिल्लीला यूएनएचसीआरकडे (संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेकडे) आश्रयाचा अर्ज केलेला, तो पहिल्या फेरीत नामंजूर. मोठा भाऊ जुन्या सरकारच्या सैन्यात होता, त्यामुळे परत गेलो तर आपली धडगत नाही, असं त्याचं म्हणणं. शिक्षा संपली की पाठवणीच्या हालचाली सुरू होणार हे उघड आहे.

विचारायचं ते असं. अर्ज नामंजूर झाला म्हणजे सरकारला परत पाठवायची मोकळीक मिळाली का? थांबवायचं तर मुंबईला जायचं की कोल्हापूरला? कागद कोणते आणि कोणत्या क्रमाने? अशी कामं नेमकी कुठे फसतात? तत्त्वं वाचून झाली आहेत. सोमवारी सकाळी टेबलावर बसल्यावर काय करायचं, ते कळलं तर उपयोग होईल.

अजिंक्यतारा, सातारा

पहिल्या प्रश्नावर बाकी सगळं उभं आहे, म्हणून तो आधी घेतो. मोकळीक मिळत नाही. "हा माणूस निर्वासित ठरतो का" हा एक प्रश्न आणि "याला आज परत पाठवलं तर याचं काय होईल" हा दुसरा. नामंजुरीच्या पत्राने पहिल्याचं उत्तर दिलेलं असतं, तेही मुलाखतीच्या दिवशी टेबलावर जेवढं होतं त्यावरून. दुसरा प्रश्न पाठवणीच्या दिवशी नव्याने विचारावा लागतो, आणि तोच बहुतेक वेळा कोणी विचारत नाही.

१९५१ च्या निर्वासित करारातली व्याख्या अरुंद आहे. छळाची भीती वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत या पाचांपैकी एका कारणाशी जोडलेली दाखवावी लागते. जमिनीच्या वैरातून एखाद्या टोळीने जिवावर उठलेला माणूस त्यात सहसा बसत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या यातनाविरोधी कराराचं कलम ३ मात्र कारण विचारत नाही. यातना होण्याचा खरा धोका आहे एवढं दिसलं की पाठवायचं नाही. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने १९९६ च्या चहल खटल्यात हेच ठामपणे सांगितलं. त्यात ब्रिटनला माणूस पाठवायचा होता तो भारतात, आणि राष्ट्रीय सुरक्षेला धोका आहे हा ब्रिटनचा मुद्दासुद्धा त्यापुढे टिकला नाही. दुसरं म्हणजे, कितीतरी अर्ज भीती खोटी म्हणून फेटाळलेच जात नाहीत. तारखा जुळल्या नाहीत, कागद नव्हते, दुभाष्याला बोली कळली नाही, अर्ज उशिरा आला, अशीही कारणं असतात.

आता आपल्याकडचं. भारताने १९५१ चा करार आणि १९६७ चा प्रोटोकॉल यांवर सही केलेली नाही. यातनाविरोधी करारावर १९९७ मध्ये सही आहे, पण मंजुरी दिलेली नाही. नागरी व राजकीय हक्कांच्या करारात आपण १९७९ पासून आहोत, मात्र व्यक्तिगत तक्रारीचा जादा प्रोटोकॉल मानलेला नाही, त्यामुळे त्या कराराच्या जिनिव्हातल्या समितीकडून पाठवणी थांबवून आणण्याचा रस्ता आपल्याला बंद. म्हणजे सगळा भार राज्यघटनेच्या कलम २१ वर. ते "व्यक्ती"ला लागू आहे, फक्त नागरिकाला नाही. गुजरात उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये दोन इराकी नागरिकांच्या प्रकरणात (अल कुतैफी) आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्यानमारच्या नागरिकांच्या प्रकरणात (डोंग लियान खाम) धोक्याच्या जागी परत न ढकलण्याचं तत्त्व कलम २१ मध्ये वाचलं. २०२१ मध्ये मणिपूर उच्च न्यायालयाने नंदिता हक्सर यांच्या याचिकेवर म्यानमारच्या सात जणांना दिल्लीला यूएनएचसीआरपर्यंत सुरक्षित जाऊ द्यायला सांगितलं. ही तिन्ही जोडाच.

विरुद्ध बाजूचे निकाल लपवू नका, तेही आधी वाचा. हान्स म्युलर, १९५५: परकीयाला बाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार अमर्याद. सलीमुल्ला, ८ एप्रिल २०२१: रोहिंग्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम मनाई दिली नाही आणि "हद्दपार न होण्याचा हक्क" हा कलम १९(१)(ई) च्या राहण्याच्या हक्काला जोडलेला, म्हणून फक्त नागरिकांचा, असं म्हटलं. पण त्याच आदेशात विहित प्रक्रिया पाळल्याशिवाय पाठवू नये असंही वाक्य आहे. तुमचा पाय त्या वाक्यावर ठेवा. मसुद्यात "भारतात राहू द्या" अशी मागणी दिसली की समोरून कलम १९ येणार. मागणी एवढीच लिहा: धोक्याच्या जागी पाठवू नका, आणि धोका आहे की नाही ते ऐकून घेऊन, कारणं देऊन ठरवा. डोंग लियान खाममध्येसुद्धा न्यायालयाने त्यांना कायमचं इथे ठेवा असं म्हटलेलं नाही. ऐकून घ्या आणि यूएनएचसीआरशी बोलून तिसऱ्या देशाचा पर्याय बघा, असा त्याचा रोख आहे.

सातारा-सांगलीकडच्या वकिलांना एक गोष्ट लगेच कळेल. आपल्याकडे गावगुंडाला तडीपार करायचं तरी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५९ ची नोटीस द्यावी लागते, त्याचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि कलम ६० खाली तीस दिवसांत शासनाकडे अपील आहे. तो माणूस जाऊन जाऊन शेजारच्या जिल्ह्यात जाणार असतो. परदेशी माणसाला थेट मृत्यूच्या तोंडी पाठवायचं असेल तर परदेशी नागरिकांच्या कायद्यात नोटीस, सुनावणी, अपील अशी बांधलेली पायरीच नाही. जुना १९४६ चा कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट, २०२५ लागू झाला, तरी ही उणीव राहिलीच आहे. याचिकेत ही तुलना दोन परिच्छेदांत मांडा. न्यायमूर्तींना तडीपारीचे आदेश रोजचेच असतात.

वारणाकाठ, सांगली

कोर्टाचं मी सांगतो. मुंबईला जायची गरज नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच चालू आहे आणि सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे तिथेच जातात. राज्यघटनेच्या कलम २२६ खाली फौजदारी रिट. शिक्षा संपूनही डांबून ठेवलं असेल तर हेबियस कॉर्पसची (माणसाला न्यायालयापुढे हजर करून सोडण्याची) विनंतीही त्यातच.

प्रतिवादी कोण करायचे यात गडबड होते. केंद्र सरकार (गृह मंत्रालय), मुंबईचं एफआरआरओ (परदेशी नागरिकांचं प्रादेशिक नोंदणी कार्यालय), राज्याचा गृह विभाग, जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक, कारागृह अधीक्षक. आपल्या जिल्ह्यात पोलीस अधीक्षक हेच परदेशी नागरिक नोंदणी अधिकारी असतात, म्हणून त्यांना त्या दोन्ही नात्यांनी घ्या. केंद्राला सोडलं तर पहिल्याच तारखेला "आवश्यक पक्षकार नाही" म्हणून दिवस वाया जातो, आणि या कामात दिवस वाया घालवणं परवडत नाही.

क्रम माझ्या मते असा असावा. शिक्षा संपायच्या किमान महिनाभर आधी कारागृहातून वकालतनामा घ्या, अधीक्षकांच्या साक्षांकनासह. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो आणि तिथे नागरिकत्वाची अट नाही. हेल्पलाइन १५१००. त्याच दिवशी यूएनएचसीआरच्या नामंजुरीच्या पत्रावरची तारीख बघा. अपिलाला पत्र मिळाल्यापासून ३० दिवस असतात. पत्र तुरुंगात उशिरा पोचलं असेल तर कारागृहाच्या आवक नोंदवहीतली तारीख घेऊन विलंबाचं कारण लिहा आणि अपील तरीही पाठवा. मुदत पूर्ण उलटली असेल, पण नवा पुरावा किंवा बदललेली परिस्थिती असेल, तर फाईल पुन्हा उघडण्याचा अर्ज करता येतो. अपील दाखल झाल्याची पोच, साधा ईमेल असला तरी, याचिकेला जोडा. "अर्ज नामंजूर" आणि "अपील प्रलंबित" यांत न्यायालयाच्या नजरेत फार फरक आहे.

मग पोलीस अधीक्षक आणि एफआरआरओ यांना सविस्तर निवेदन: धोका काय, कशावरून, सुनावणी द्या, आदेश झाल्यास प्रत द्या, आणि पाठवायच्या आधी वकिलाला लेखी कळवा. सात दिवसांची वाट बघून उत्तर नसेल तर याचिका. हालचाल आधीच सुरू दिसली तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी प्रिसाइप (तातडीने बोर्डावर घेण्याचा अर्ज) देऊन न्यायालयापुढे मेन्शन करा.

अंतरिम विनंती दोन वाक्यांत लिहा: "याचिका निकाली निघेपर्यंत अर्जदाराला भारताच्या हद्दीबाहेर नेऊ नये" आणि "न्यायालयाला कळवल्याशिवाय महाराष्ट्राबाहेर हलवू नये." बरेच जण दुसरं वाक्य विसरतात. माणूस दिल्लीच्या किंवा दुसऱ्या राज्यातल्या केंद्रात हलवला की अधिकारक्षेत्राचा वाद सुरू होतो, आणि तो वाद मिटेपर्यंत विमान गेलेलं असतं. आदेश मिळाला तर प्रमाणित प्रतीची वाट न बघता त्याच संध्याकाळी ईमेलने कारागृह, अधीक्षक कार्यालय आणि एफआरआरओ तिन्हीकडे पाठवा, आणि प्रत्यक्ष नेऊन शिक्क्याची पोच घ्या. "आदेश आम्हाला मिळाला नव्हता" हे उत्तर नंतर काही कामाचं नसतं.

प्रवासाच्या कागदाबद्दल वेगळं सांगतो, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. पासपोर्ट संपलेला असेल तर पाठवणीसाठी त्या देशाच्या दूतावासाकडून ओळख पटवून घ्यावी लागते. म्हणजे ज्यांच्या भीतीने माणूस पळाला त्यांनाच कळवायचं की हा इथे आहे, या तुरुंगात आहे. मुंबईतल्या अफगाण वाणिज्य दूतावासात नोव्हेंबर २०२४ पासून तालिबानने नेमलेला माणूस काम पाहतो. भावाचं नाव, वडिलांचं नाव, गाव, हे सगळं पडताळणीच्या अर्जात जातं, आणि गावात आईवडील असतात. १९६३ च्या व्हिएन्ना वाणिज्यदूत कराराच्या कलम ३६ प्रमाणे अटकेची खबर वकिलातीला द्यायची ती त्या व्यक्तीने मागितली तर. म्हणून पहिल्याच भेटीत त्याच्याकडून लेखी घ्या: "मला माझ्या देशाच्या वकिलातीशी संपर्क नको आहे, कारण मी तिथल्या सत्तेपासून संरक्षण मागत आहे." प्रत कारागृहाला, प्रत अधीक्षक कार्यालयाला. पडताळणी आधीच झाली असेल तर तेही याचिकेत लिहा, कारण त्यामुळे धोका वाढलेला असतो.

कमानी हौद, सातारा

दुभाषी आणि भाषांतराच्या बाजूने थोडं. नामंजुरीच्या पत्रात "कथनात विसंगती" असं लिहिलेलं असेल तर सगळ्यात आधी तारखा तपासा.

अफगाण माणूस सौर हिजरी वर्ष सांगतो. वर्ष २० किंवा २१ मार्चला सुरू होतं आणि महिन्यांची नावं राशींची आहेत: हमल म्हणजे मेष, असद म्हणजे सिंह, जदी म्हणजे मकर. इसवी सन काढायला ६२१ मिळवायचे, हे बहुतेक दुभाष्यांना ठाऊक असतं. पण १ जानेवारीपासून वर्षअखेरपर्यंत ६२२ मिळवावे लागतात, आणि चूक तिथे होते. आपल्या शकाचंही असंच: एरवी ७८, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. उदाहरण घ्या. माणूस म्हणाला, धमकीचं पत्र १५ जदी १३९९ ला दारात मिळालं. ती तारीख ४ जानेवारी २०२१. घाईत ६२१ मिळवले की ४ जानेवारी २०२० लिहिली जाते. मग तोच माणूस म्हणतो की भाऊ २०२० च्या पावसाळ्यानंतर त्या ठाण्यावर गेला आणि त्यानंतर धमकी आली. कागदावर धमकी आधी आणि भावाची बदली नंतर. निष्कर्ष निघतो, खोटं बोलतो. माणसाने एक अक्षर खोटं सांगितलेलं नसतं.

त्यात भर म्हणजे तालिबानच्या कागदांवर चांद्र हिजरी तारीख असते. काबूल पडलं तो १५ ऑगस्ट २०२१ चा दिवस सौर गणनेत २४ असद १४००, आणि चांद्र गणनेत १४४३ चा मोहरम. एकाच फाईलमध्ये १४०० आणि १४४३ दोन्ही आले की वाचणारा चक्रावतो. तीन रकान्यांचा तक्ता करा: त्याने सांगितलेली तारीख त्याच्या शब्दांत, कोणती गणना, इसवी तारीख. तोच प्रतिज्ञापत्राला जोडा आणि अपिलालाही.

वयाचं असंच. जुन्या कागदी तझकिऱ्यावर, म्हणजे त्यांच्या ओळखपत्रावर, जन्मतारीख नसते; अमुक साली दिसायला इतक्या वर्षांचा, एवढंच असतं. त्यावरून पासपोर्ट काढताना १ जानेवारी टाकतात. एकाच माणसाच्या दोन कागदांवर दोन जन्मवर्षं असणं हा तिथला नेहमीचा प्रकार आहे. तो आपण होऊन आधीच समजावून सांगा.

नात्यांत आपली मराठी कामाला येते. अफगाणिस्तानातल्या दरी (फारसी) भाषेतही काका तो काका आणि मामा तो मामाच आहे. इंग्रजीत दोघंही अंकल. पहिल्या मुलाखतीत "अंकलला मारलं" आणि दुसरीत "अंकलने गाडीत बसवून सीमेपर्यंत सोडलं" असं आलं की मेलेला माणूस गाडी चालवताना दिसतो. मराठीतून इंग्रजी मसुदा करताना काका, मामा, चुलतभाऊ, मामेभाऊ हे शब्द कंसात अर्थ देऊन तसेच ठेवा.

दुभाषी इराणी फारसीचा नको. हजारगी (हजारा समाजाची बोली) बोलणाऱ्याला किंवा पश्तो भाषकाला त्यातलं निम्मं निसटतं. मुलाखतीची सुरुवातच "दुभाष्याचं सगळं कळतंय का" या प्रश्नाने होते आणि भीतीपोटी माणूस हो म्हणतो. तो "हो" नंतर त्याच्याविरुद्ध वापरला जातो. अपिलात लिहा की कोणती भाषा मागितली होती आणि कोणती मिळाली.

मिरजवेस, मिरज

अंगावर मारहाणीच्या खुणा असतील तर वैद्यकीय बाजू अजिबात सोडू नका. तुरुंगात दाखल करतानाची नोंद बहुतेक वेळा "जुना व्रण, डावी मांडी" एवढीच असते. त्यातून काहीच सिद्ध होत नाही. इस्तंबूल प्रोटोकॉल म्हणून संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शिका आहे, १९९९ ची, सुधारित २०२२ ची. तिच्यात प्रत्येक खुणेबद्दल पाचपैकी एक पायरी लिहायची असते: सांगितलेल्या कारणाशी जुळत नाही, जुळते, दाट जुळते, त्या कारणाची ठरावीक खूण आहे, दुसऱ्या कशाने होऊच शकत नाही. "जुळते" म्हणजे दुसरी अनेक कारणंही असू शकतात. "दाट जुळते" म्हणजे इतर कारणं थोडीच. न्यायालयापुढे खरं वजन तिसऱ्या पायरीपासून येतं.

न्यायालयाकडून परवानगी घेऊन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या न्यायवैद्यक विभागाकडे पाठवायची विनंती करा, आणि विनंतीतच लिहा की अहवाल इस्तंबूल प्रोटोकॉलच्या नमुन्यात हवा. शरीराची आकृती, प्रत्येक खुणेचं सेंटिमीटरमधलं माप, शेजारी पट्टी धरून फोटो. तळपायावर मारलेलं असेल तर बाहेरून काही दिसत नाही, पण चालताना दुखणं, टाचेखालची गादी सपाट होणं, या गोष्टी तपासाव्या लागतात. मानसोपचार तज्ज्ञाचा भाग वेगळा घ्या. झोप न येणं, प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा उभा राहणं, तारखा आणि क्रम विसरणं, या गोष्टी जबर मानसिक आघातानंतर होतात. कमानी हौद यांनी सांगितलेल्या विसंगतीचं उरलेलं स्पष्टीकरण बऱ्याचदा इथे सापडतं. अहवालात डॉक्टरांनी ते स्पष्ट शब्दांत लिहायला हवं. फक्त निदानाचं नाव लिहून भागत नाही.

माणदेशी, आटपाडी

सगळ्यांचा आदर ठेवून विचारतो. अर्ज फेटाळल्यावरही परत पाठवायचं नसेल, तर अर्ज तपासायचा कशाला? १९ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने श्रीलंकेच्या एका तमिळ नागरिकाच्या प्रकरणात, भारत म्हणजे धर्मशाळा नव्हे, अशा अर्थाचं तोंडी मत व्यक्त केलंच ना? त्यानेही परत गेलो तर जिवाला धोका आहे असंच सांगितलं होतं. जर्मनीसारख्या, करार पाळणाऱ्या देशाने ३० ऑगस्ट २०२४ ला २८ अफगाण गुन्हेगारांना काबूलला नेऊन सोडलं. आपल्याकडे दुष्काळात माणसं कामासाठी मुलखाबाहेर जातात, त्यांना कोणी विचारत नाही. राज्याला आपली हद्द राखायचा अधिकार आहे की नाही?

अजिंक्यतारा, सातारा

माणदेशीदादा, अधिकार आहेच, आणि अर्ज तपासण्यालाही अर्थ आहे. ज्याला धोका नाही त्याला परत पाठवता येतं, त्यात काही गैर नाही. युरोपीय संघाच्या २००८ च्या रिटर्न डिरेक्टिव्हमध्ये (परत पाठवणीच्या कायद्यात) तर स्वतःहून निघायला ७ ते ३० दिवस, कोठडी सहा महिने, आणि अपवाद म्हणून आणखी बारा महिने, अशी चौकटच आहे. पण त्याच कायद्याचं कलम ५ सांगतं की हे करताना धोक्याच्या जागी ढकलायचं नाही. आपल्याकडे पाठवणी होते, ती चौकट मात्र नाही. माझा आक्षेप त्यावर आहे. २०२५ च्या त्या प्रकरणात अर्जदाराचं इथे बायकोमुलांसह राहणं हाही मुद्दा होता आणि न्यायालयाने कलम १९ वर बोट ठेवलं. म्हणून तर वर लिहिलं की राहण्याची मागणीच करू नका. शिवाय तोंडी शेरा हा निकालाचा भाग नसतो. जर्मनीच्या विमानाबद्दल एवढंच म्हणेन की एका देशाने तसं केल्याने काबूल सुरक्षित ठरत नाही. यूएनएचसीआरने ऑगस्ट २०२१ मध्ये सगळ्या देशांना अफगाणिस्तानात सक्तीने परत पाठवणं थांबवायला सांगितलं, आणि ८ जुलै २०२५ ला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने तालिबानच्या दोन प्रमुख नेत्यांवर लिंगाधारित छळाबद्दल अटक वॉरंट काढली. हे दोन्ही कागद याचिकेला लावा.

"तिकडच्या सरकारने हमी दिली आहे" हे उत्तर आलं तर अगीझा प्रकरण पुढे करा. डिसेंबर २००१ मध्ये स्वीडनने आश्रय नाकारून दोन इजिप्शियन नागरिकांना लेखी हमी घेऊन कैरोला पाठवलं. स्वीडनचा राजनैतिक अधिकारी पहिल्यांदा भेटायला गेला तो पाच आठवड्यांनी. छळाला तेवढा वेळ पुरला. २००५ मध्ये यातनाविरोधी समितीने स्वीडनला दोषी धरलं. हमी मागितलीच तर विचारायचं: कोणी दिली, तुरुंगाच्या कोणत्या अधिकाऱ्यावर ती बंधनकारक आहे, पहिल्या आठवड्यात कोण भेटणार, एकांतात भेटणार का. तालिबानच्या बाबतीत यातल्या एकाचंही उत्तर मिळत नाही.

"तिसऱ्या देशात पाठवू" म्हणाले तर तो देश पुढे कुठे ढकलणार ते बघावं लागतं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १५ नोव्हेंबर २०२३ ला आश्रय मागणाऱ्यांना रवांडाला पाठवण्याची सरकारची योजना बेकायदा ठरवली ती याच कारणाने. इस्रायलने आधी तिकडे पाठवलेल्या लोकांना रवांडाने ठेवून घेतलं नव्हतं आणि युद्धग्रस्त देशांतल्या लोकांचे अर्ज तो सरसकट फेटाळत होता, असा पुरावा न्यायालयापुढे आला.

आणि आपल्या भागाचा यात संबंध नाही असं समजू नका. दुसऱ्या महायुद्धात सायबेरियातून सुटून आलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ राहत होते. त्यांच्यातल्या आजाऱ्यांसाठी आपल्या पाचगणीला आरोग्य केंद्र होतं. युद्ध संपलं तेव्हा पोलंडवर सोव्हिएत पकड बसलेली. ज्या सत्तेने सायबेरियाला नेलं तिच्याच हाताखाली परत जायला यातले बरेच जण तयार नव्हते, आणि ते ब्रिटन, ऑस्ट्रेलियाकडे गेले. त्याच १९४५ च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रियातल्या लिएंझला ब्रिटिश सैन्याने सोव्हिएतविरोधी कोसॅक कुटुंबांना मारझोड करून ट्रकमध्ये कोंबलं आणि सोव्हिएत हाती दिलं. काहींनी त्याआधी जीव दिला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १२ फेब्रुवारी १९४६ ला ठराव केला की वाजवी कारणाने परत जायला नकार देणाऱ्याला सक्तीने पाठवू नये, आणि धोक्याच्या जागी परत ढकलू नये हे सांगणारं १९५१ च्या कराराचं कलम ३३ त्याच वाटेने आलं. करारात सामील होताना कोणत्याही देशाला हे कलम स्वतःपुरतं वगळता येत नाही. वळिवड्याच्या माणसांना जे मिळालं तेच आज मागायचं आहे.

कृष्णाघाट, सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन गोष्टी राहिल्या. तुरुंगात "स्वेच्छेने परत जायला तयार आहे" अशा कागदावर सही घेतली गेली तर काय? आणि धमक्या मोबाईलवर आलेल्या असतील तर पुरावा कसा द्यायचा?

वारणाकाठ, सांगली

सहीचं आधी. कागद कोणत्या भाषेत होता, कोणी वाचून दाखवला, दुसरा पर्याय कोणता सांगितला, या तीन प्रश्नांवर ती सही टिकते किंवा पडते. "नाहीतर इथेच सडशील" एवढाच पर्याय दिला असेल तर ती स्वेच्छा नाही. कळल्या कळल्या त्याच्या भाषेत, दुभाष्याच्या सहीसह, संमती मागे घेतल्याचा अर्ज कारागृहामार्फत द्या आणि आवक क्रमांक घ्या. पहिल्या भेटीतच त्याला सांगून ठेवा की वाचता न येणाऱ्या कागदावर सही करायची नाही, आणि सही मागितली तर "वकिलाला दाखवून" एवढे दोन शब्द बोलायचे. ते शब्द मराठीत आणि हिंदीत त्याच्याकडून पाठ करून घ्या.

मोबाईलचं: मूळ फोन सांभाळा, गुन्ह्यात जप्त असेल तर मुद्देमालातून तो नष्ट होऊ नये म्हणून शिक्षा देणाऱ्या न्यायालयात आजच अर्ज करा. शिक्षा संपली की मुद्देमालाची विल्हेवाट लागते आणि व्हॉइस मेसेज कायमचे जातात. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं, त्याचे दोन भाग आहेत, एक फोन ताब्यात असणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश व्हॅल्यू (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा) लिहावी लागते. व्हॉइस मेसेज पश्तोत असेल तर आधी पश्तोत शब्दशः लिहून काढायचा, मग इंग्रजी भाषांतर, दोन्हीवर दुभाष्याची सही आणि त्याला ती भाषा कशी येते याचं एक वाक्य. संदेश त्याच्या गावातल्या कोणी पाठवला असेल तर त्या माणसाचा नंबर याचिकेच्या उघड्या प्रतीत काळा करा आणि मूळ प्रत सीलबंद द्या. तिथला तो एकटाच साक्षीदार असतो, आणि तो अजून तिथेच राहतो.